मैनेचं माहेर

गेनबा रोज दिवेलागणीला देवापुढं बसला, की देवाची नावं घेऊन झाल्यावर कुत्र्यांची नावं घ्यायचा. हात जोडलेलेच असायचे, डोळे मिटलेले असायचे. "हैबत, हैबतचा बाप चपळ्या, चपळ्याचा बाप खंडू, खंडूचा बाप भुंगा..." असं मागं मागं जात सातव्या पिढीपाशी थांबायचं, मग अंगारा लावायचा आणि उठायचं. पुण्यात नागझरी ओढ्याच्या काठाला त्याचं घर होतं आणि घराला लागून कुत्र्यांचा गोठा. शेजारच्या लोकांना त्याची मोठी गंमत वाटे. ते म्हणत, "गेनबाला आजा विचारा, नाव सांगताना अडखळेल. कुत्र्याचा पणजा विचारा, एका दमात सांगेल."

चेष्टा होती, पण तिच्यात मान होता. पानिपतानंतरची ती वर्षं. माणसं गेली होती तशी घोडी गेली होती, आणि पुण्यातल्या लहानमोठ्या सगळ्याच सरदारांच्या पागा रिकाम्या पडल्या होत्या. जगलेल्या घोड्यांची पैदास वाघोलीकडच्या कुरणांत चालू होती. तिथं एकेका शिंगराला पोटच्या पोरासारखं जपत. लांडग्यांचा उपद्रव फार. माणसाच्या काठीला लांडगा भीत नाही, पण गेनबाच्या कुत्र्यांना भ्यायचा. ही कुत्री उंच, छातीनं रुंद, उगाच न भुंकणारी. शिंगरांच्या भोवती संथ फिरत राहायची, आणि गवत हललं की त्या दिशेला तोंड करून उभी राहायची. एवढं पुरे व्हायचं.

त्या सालच्या माघात मात्र पुरलं नाही. ज्या सरदारांच्या पागेला गेनबा कुत्री पुरवायचा, त्यांच्या खाशा घोडीचं शिंगरू दिवस मावळताना कुरणात लांडग्यांनी फाडलं. चार कुत्री तिथं होती. एकही धावलं नाही.

राखणीला होता बजरंग, गेनबाचा जावई.

दुसऱ्या दिवशी त्याला दोरखंडानं बांधून पुण्यात आणला आणि सरदारांच्या वाड्याच्या तळघरात टाकला. कारभारी श्रीधरपंतांनी निदान करून टाकलं होतं. चार धिप्पाड कुत्री उभ्या जागी बधिर होतात, समोर शिंगरू ओरडतं आणि त्यांना दिसत नाही, याचा अर्थ एकच. त्यांना धोतरा चारला गेला. चारणारा राखणदाराखेरीज कोण? कुणी दुसऱ्या पागेवाल्यानं फितवलं असेल. अमावास्येपर्यंत खरं बोलला तर बरं, नाहीतर हात तोडायचा, असं ठरलं.

बजरंगची बायको मुक्ताबाई चालत वाघोलीहून पुण्याला आली ती थेट बापाच्या दारात. पायात काटा मोडला होता, तो काढायलाही ती थांबली नव्हती.

"आबा, वाड्यावर चला," ती म्हणाली. "पंतांना खरं सांगा."

"काय खरं?"

"कुत्र्यांना धोतरा न्हाई चारला कुणी. तुमची कुत्रीच तिन्हीसांजेला आंधळी व्हत्यात. दिवसा समदं ठीक. उजेड उतरला, की दगडाला धडकत्यात, वढ्यात पडत्यात. दसऱ्यापास्नं बघतिया मी. ह्यांनी बी बघितलंय."

गेनबा हैबतच्या अंगावरून हात फिरवत बसला होता. हात थांबला. "मग आजवर बोलली का न्हाईस?"

"बोलले व्हते. दिवाळीत आले तवाच बोलले. तुमी म्हनलासा, पोरी, कुत्री राखायची अक्कल तुज्या सासरच्यांला न्हाई."

हे खरं होतं, म्हणून गेनबाला जास्त राग आला. "माज्या कुत्र्यांच्या सात पिढ्यांत आंधळं न्हाई! रोज नाव घेतो मी एकेकाचं."

"बापाच्या सात," मुक्ता म्हणाली. "आयांच्या किती घेता?"

"आयांचं काय करायचंय? शेत कुणाचं का आसंना, बी आपलं तर पीक आपलं."

"आबा, त्या चारींची आई मैना आनली तवा..."

"बास!" गेनबा उठला. "नवऱ्याला वाचवायला बापाच्या तोंडाला काळं फासतीस व्हय? मी पंतांसमोर हुबं राहून म्हनू, का माजी पैदास आंधळी हाय? उद्यापास्नं माजं कुत्रं दारात तरी बांधंल का कुणी? आनि कुणी सांगावं, तुज्या नवऱ्यानं चारला बी आसंल धोतरा."

 मुक्तानं बापाकडं असं पाहिलं, की गेनबानं मान फिरवून हैबतच्या कानातला गोचीड शोधायला घेतला. ती उठली आणि नागझरीपलीकडच्या विठोबाच्या देवळात जाऊन खांबाला टेकून बसली. आईविना वाढलेली पोर होती ती. माहेर म्हणजे हा बाप आणि हा गोठा, एवढंच तिला होतं.

दोन दिवस गेले. गेनबानं भाकरी पाठवली, ती तशीच परत आली. अमावास्या जवळ येत होती. त्यानं गोठ्यात जाऊन मैनेला पाहिलं. कुरणातल्या चौघांची आई मैना पुन्हा गाभण होती, पहिल्या वेतासारखीच हैबतपासून. भरली कूस, निवांत डोळे. भरउन्हात, भरसांजेला, कधीही पाहिलं तरी हिची चाल सरळ. हैबतचीही सरळ. डोळस आईबापांची पोरं आंधळी कशी होतील? होणारच नाहीत. असं मनाशी म्हणताना त्याला बरं वाटलं आणि लगेच वाटेनासं झालं. कारण खंडूचा भाऊ गुलब्या त्याला आठवला. गेनबा तेव्हा मिसरूड न फुटलेला होता. गुलब्या एका सांजेला चालत चालत विहिरीत गेला. बाप म्हणाला होता, 'काळभैरवानं बोलावलं त्याला,' आणि त्याचं नाव पुन्हा घरात कुणी घेतलं नाही. वंशावळीत तर प्रश्नच नव्हता. गुलब्याला पोरंच नव्हती.

संध्याकाळी विठोबाच्या देवळात यज्ञेश्वरबुवांचं कीर्तन होतं. गेनबाचा बुवांच्या कीर्तनावर फार जीव. कितीही काम असो, तो मागं चपलांपाशी येऊन बसायचाच. आज मुक्ता तिथं आहे म्हणून जाऊ नये असं त्यानं ठरवलं, आणि मृदंगावर पहिली थाप पडली तसे पाय आपोआप वळले. कीर्तनाचं हेच तर आहे. माणूस स्वतःला टाळत असला, तरी टाळ त्याला टाळत नाहीत.

बुवा ठेंगणे, आवाज मात्र असा की कळसावरचा कावळा उडावा. गजर झाला, बुक्का लागला, चिपळ्या वाजू लागल्या. बाहेर उजेड उतरत होता आणि पुजारी एकेक समई लावत होता. बुवांनी त्या दिवशी निरूपणाला कुळाचा विषय घेतला होता.

"अहो, कूळ कूळ करता तुम्ही," बुवा म्हणाले, "कूळ म्हणजे काय? बापाची मिशी? लग्न जुळवताना शास्त्र काय सांगतं? बापाकडून सात पिढ्या पाहा आणि आईकडून पाच! का हो? आईकडच्या पाच कशाला? श्राद्धाला बसता, बापाला पिंड देता, आज्याला देता. आणि आईच्या बापाला? द्यावाच लागतो! न देऊन सांगता कुणाला? रक्ताला तुमच्या मिशीची ओळख नाही महाराज. ते दोन्ही घरांतून येतं. माहेर विसरायला तुम्ही सुनेला लावाल, तिचं नाव पुसाल, तांदळावर नवं लिहाल. रक्त काही तांदळावर लिहिलेलं वाचत नाही!"

बायकांमध्ये खसखस पिकली. कुणी म्हातारी "खरं हो बुवा" म्हणाली. गेनबा हसला नाही.

त्याच वेळी बुक्क्या आला. बुक्क्या हा देवळाचा कुत्रा, काळाभोर, म्हणून बुवांनीच ठेवलेलं नाव. मैनेच्या पहिल्या वेतातली चार पिलं कुरणात गेली आणि हे पाचवं, अंगानं बारीक निघालं, म्हणून गेनबानं देवाला वाहिलं होतं. त्यानं कुरण कधी पाहिलं नव्हतं. प्रसादाच्या भातावर वाढलेला तो जीव सभामंडपाच्या दारातून आत शिरला, दोन पावलं आला, आणि उंबऱ्याशी ठेवलेल्या पाण्याच्या घागरीवर धाडकन आदळला. घागर कलंडली. बुक्क्या भांबावला, वळला, खांबावर गेला, आणि तिथंच थरथरत बसून राहिला. समईच्या उजेडात त्याचे डोळे हिरवे पेटले होते, काजव्यांसारखे.

"बुक्क्याच्या अंगात आलं!" कुणी ओरडलं. मंडप हसला; आजवर गेनबाही त्यात हसत आला होता.

"रोजचंच आहे त्याचं," बुवा चिपळ्या थांबवून म्हणाले, "दिवे लागले की आमच्या बुक्क्याची समाधी लागते. अंतर्मुख होतो बिचारा. तुम्ही व्हा!" आणि पुन्हा गजर सुरू झाला.

गेनबाच्या हातातले टाळ खाली आले. धोतरा इथं कुणी चारला? देवळात? त्यानं मान वळवली. खांबाशी बसलेली मुक्ता बुक्क्याला मांडीशी ओढून त्याचं डोकं थोपटत होती. बापाकडं पाहत नव्हती.

आता गप्प बसलं तरी कुणाला कळणार नव्हतं. पाचवं पिलू कुठं गेलं, हे वाड्यावर कुणाला ठाऊक होतं? बुवा तर समाधी समजून बसले होते. दोन दिवसांनी अमावास्या. जावयाचा हात जाईल, पण गोठ्याचं नाव राहील. हा विचार गेनबाच्या मनात आला. आला तो आला. समोर कमरेवर हात ठेवून विठोबा उभा होता, आणि त्या कमरेवरच्या हातांकडं गेनबाला पाहवेना.

आरती झाल्यावर तो मुक्ताजवळ जाऊन बसला. 

"मैना कुणाची गं?" त्यानं विचारलं.

मुक्ताच्या उत्तराच्या मुळाशी माहेरचं, न घ्यायचं नाव होतं. गेनबाच्या लोकांत एक रीत होती. लेक सासरी निघाली, की तिच्यासोबत घरची एक कुत्री पाठराखीण म्हणून द्यायची. सासरच्या उंबऱ्यात दोघींचं नाव बदलायचं. नवरीचं तांदळात लिहायचं, कुत्रीच्या कानात सांगायचं. मग माहेरचं नाव कुणीही घ्यायचं नाही. घेतलं तर माहेरची ओढ लागते, घर मोडतं. मुक्तासोबत चिमणी गेली होती, चपळ्याची सख्खी बहीण. वाघोलीच्या उंबऱ्यात ती साळू झाली, आणि गेनबाच्या हिशेबी त्या दिवसापासून चिमणी नव्हतीच.

"साळूची लेक मी भैरू धनगराच्या वाड्यावर दिली," मुक्ता सांगू लागली. "त्यानं तिचं नाव पवळा ठेवलं. पवळेची लेक तुमी भैरूकडनं मोठ्या तोऱ्यात इकत आनलीसा आनि मैना म्हनलासा. म्हनलासा, आता बाहेरचं ताजं रगत आलं गोठ्यात. मी दारातच हुबी व्हते. म्हनलं, आबा, ही आपल्याच..."

"आनि मी काय म्हनलो?"

"बायकांनी मानसांची नाती काढावी, कुत्र्यांची न्हाई."

गेनबानं डोळे मिटले. हैबतचा बाप चपळ्या. मैनेची आजी चिमणी. दोघं एका वेताची. ज्या घरातून जिला माहेर तोडून पाठवली, तिच्याच नातीला त्यानं परकी म्हणून त्याच घरात आणून बांधली होती. गुलब्याचं आंधळेपण त्याच्या भावाच्या, खंडूच्या रक्तातून दोन्ही अंगांनी मुकाट चालत आलं होतं, आणि त्याच्या गोठ्यात येऊन एकमेकांना भेटलं होतं.

"तू हे समदं ध्यानात कसं ठेवलंस?"

"जात्यावर म्हनत व्हते. घरातल्या लेकीबाळींची म्हनतो तशी साळूच्या बी लेकीबाळींची ववी जोडली. तिला दुसरं कोन व्हतं?"

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर गेनबा वाड्यावर गेला. एका हातात हैबतची साखळी, दुसऱ्या हातात बुक्क्याची. मागं मुक्ता, आणि तिच्यामागं "माझ्या कुत्र्याला फाशी देताय की काय" असं विचारत बुवा. श्रीधरपंत चौकात लोडाला टेकून पान लावत होते.

"अरे वा," पंत म्हणाले. "सबंध बिऱ्हाड आलं. साक्षीला हरिदासही आणलेत. फक्त मृदंग राहिला."

गेनबानं सगळं सांगितलं. न थांबता, न अडखळता, खाली मान घालून. गुलब्याचंही सांगितलं, जावयावर घेतलेल्या संशयाचंही. पंतांनी पानाला चुना लावायचा थांबवला.

"म्हणजे अपराधी कोण? कुत्र्याची आजी?"

"न्हाई सरकार. मी."

"हे पाहा गेनबा, जावयासाठी सासरा काहीही बोलतो. आम्हीही बोलू. पुरावा काय?"

"दिवस मावळू द्या."

चौकात सावल्या चढेपर्यंत सगळे थांबले. मग गेनबानं पंतांच्या परवानगीनं त्यांचीच काठी दोन पाटांवर आडवी ठेवली, घोट्याच्या उंचीवर. बुवांना पलीकडं उभं केलं. बुवांनी हाक मारली, "बुक्क्या, ये बाळा." बुक्क्या शेपूट हलवत आवाजाच्या दिशेनं निघाला, काठीत पाय अडकून तोंडावर पडला, उठला, आणि पाटालाच हुंगत उभा राहिला. बुवांचा चेहरा उतरला. त्यांच्या कीर्तनातली गंमत ती, आज पहिल्यांदा त्यांना दिसली. "समाधी नव्हे रे ती," ते पुटपुटले, "मी मेला हसत होतो."

मग हैबत. हैबत काठीवरून सहज गेला.

"हा तर चांगला पाहतो," पंत म्हणाले. "बाप डोळस, पोर आंधळं? हे कसं?"

"राखेखाली निखारा असतुया सरकार, तसं. एकल्या निखाऱ्यानं काय व्हत न्हाई. चूल पेटत न्हाई, हात पोळत न्हाई. ह्याच्यात बी त्यो हाय, मैनेत बी हाय. दोन एकत्र आले, का मग..." गेनबानं बुक्क्याकडं बोट केलं. "त्यासाठी आई-बाप दोन्हींकडचं नातं ठावं पायजे. मला निम्मंच ठावं व्हतं."

"आणि उरलेलं निम्मं?"

गेनबानं मुक्ताकडं पाहिलं. मुक्तानं पदर पुढं ओढला. माहेरचं नाव भरचौकात घ्यायचं, तेही ज्याच्यासाठी घ्यायचं तो तळघरात असताना.  मग म्हणाली, "चिमणी. चिमणीची लेक पवळा. पवळेची मैना. मैनेचा हा बुक्क्या, आनि कुरणातली ती चार."

पंतांनी तोंडातलं पान बाजूला सारलं.  "ह्या देवळातल्या भटक्याला धोतरा चारायला कुणी फितूर होणार नाही, एवढं मला कळतं," ते म्हणाले. "राखणदाराला सोडा. आणि गेनबा, हे रक्त पुन्हा आमच्या पागेत नको. कुरणातली चार घेऊन जा. पुढं काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा. शिंगराचं दुःख मी सरदारांना सांगेन, पण तुमचं नाव घेऊनच सांगेन."

"घ्या सरकार," गेनबा म्हणाला.

बजरंगला वर आणलं. मनगटं सोललेली होती, दाढी वाढलेली. तो बायकोजवळ जाऊन उभा राहिला. सासऱ्याकडं पाहिलं नाही. सगळे देवडीबाहेर आल्यावर गेनबाच बोलला.

"जावईबापू, मी तुमच्यावर संशय घ्येतला."

"ऐकलं म्या," बजरंग म्हणाला. "तळघराला झरोका हाय."

 वाघोलीची वाट लांब होती आणि कुरणात उरलेल्या शिंगरांभोवती आज एकही डोळस कुत्रा नव्हता. हे गेनबाला ठाऊक होतं आणि बजरंगलाही. गेनबानं हैबतची साखळी आपल्या मुठीतून सोडवली. बोटं चिकटल्यासारखी झाली होती.

"ह्याला न्या. ह्याची नजर साफ हाय आनि ऱ्हाईल. फकस्त जोडी लावू नका. कितीबी चांगली कुत्री दिसू द्या, कुणी कायबी देऊ द्या. ह्याच्यापाशी ही ओळ थांबू द्या."

बजरंगनं साखळी हातात घेतली नाही. त्यानं देवडीशी टेकवलेली काठी उचलून वाटेत आडवी टाकली आणि मागं सरकून उभा राहिला. सासऱ्याच्या कुत्र्यावर आता त्याचा विश्वास नव्हता, आणि गेनबाला त्याचा राग आला नाही. उजेड जवळजवळ सरला होता. हैबत काठीपाशी आला, थांबला, धन्याकडं मान वळवून पाहिलं, आणि काठी ओलांडून पलीकडं गेला. तेव्हा कुठं बजरंगनं साखळी उचलली.

मुक्ता मागं वळून म्हणाली, "आबा, मैना कधी व्यायची?"

"ह्या पंधरवड्यात."

"पिलं कुणाला देऊ नगा."

"न्हाई देत. कळायलाच दोन वरसं लागतील. तवर माज्याजवळच."

घरी येऊन त्यानं दिवा लावला. हैबतची जागा रिकामी होती. मैना गवतावर आडवी होऊन धापा टाकत होती. गेनबानं हात जोडले, देवाची नावं घेतली. मग म्हणाला, "हैबत. हैबतचा बाप चपळ्या. हैबतची आई..." आठवली. "चपळ्याची आई..." तीही आठवली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. खंडूच्या आईपाशी तो थांबला. कुठूनशी आणलेली होती, एवढंच ठाऊक होतं. कुठून, कुणाची, काही नाही. त्यानं पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा तिथंच येऊन थांबला. त्या रिकाम्या जागेत आणखी काय काय निजलेलं असेल, कुणाला माहीत.

मैनेच्या पोटात पिलं हलली. गेनबानं दिव्याची वात पुढं सारली आणि तिच्याजवळ जाऊन बसला.